चहातही चार अंश

त्या सकाळी रुग्णालयाच्या औषधभांडारात पाय ठेवायला जागा नव्हती. नर्सबाई, वॉर्डबॉय, कारकून, सगळे एका स्क्रीनपुढे माना उंच करून उभे. वॉर्डबॉयने तर चक्क हात जोडले होते.

"विचारा, काहीही विचारा!" कंपनीचा सल्लागार गरजत होता. बोलताना डोळे मिटायचा, म्हणून आम्ही मागून त्याला बुवा म्हणायचो. "याला भिंतीपलीकडचं दिसतं. हा फ्रीजचं मन ओळखतो!"

फ्रीजचं मन! मला हसू आवरेना. त्या बोलक्या यंत्राला पलीकडचं कळवणारा सर्व्हर मी लिहिला होता. यंत्र बोलण्यात पटाईत, पण त्याला ना डोळे ना हात. माझा सर्व्हर म्हणजे मधला निरोप्या. यंत्राने विचारलं की तो औषधांची यादी वाचतो, फ्रीजच्या तापमापकाचा आकडा आणतो आणि यंत्राच्या हातात ठेवतो, बस्स. बुवांनी निरोप्याला गुंडाळून ठेवलं आणि दिव्यदृष्टी विकली.

"फ्रीज गरम झालाय," मागून आवाज आला. भांडार सांभाळणाऱ्या मावशी. बावीस वर्षं लसींच्या फ्रीजची किल्ली त्यांच्याकडे. "बाटल्या हाताला कोमट लागतायत. आज मी एकही लस देणार नाही."

बाहेर तान्ही पोरं घेऊन आया बसल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांनी यंत्राला विचारलं.

"चार अंश सेल्सिअस. लसी सुरक्षित आहेत. निश्चिंत राहा."

"ऐकलंत?" बुवा म्हणाले. "हात चुकतो, यंत्र नाही."

खरं सांगते, मीही यंत्राचीच बाजू घेतली. स्वतःचं लिखाण ना! "मावशी, तुमचा हातच गरम असेल," मी म्हणाले. आजही आठवलं की लाज वाटते.

"किल्ली द्या, मावशी," मोठे डॉक्टर म्हणाले. "नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मावशींचे डोळे भरले. पण किल्ली काही दिली नाही. फ्रीज उघडला, तापमापकाचं टोक बाहेर ओढलं आणि कारकुनाच्या वाफाळत्या चहात बुडवलं.

"अहो, माझा चहा!"

"गप्प बसा. विचार गं आता त्याला."

आकडा बदलायला मिनिटभर वेळ देऊन मी विचारलं.

"चार अंश सेल्सिअस. निश्चिंत राहा."

सगळ्यात आधी वॉर्डबॉय फिसकन हसला. बुवांनी डोळे मिटले. "यंत्र वरवरचं बघत नाही. ते चहाच्या मूळ स्वभावात शिरतं..."

"मग ओता की घशात! चारच अंश आहे!" मावशी म्हणाल्या.

बुवांनी काही ग्लास उचलला नाही.

मी फ्रीजमागे वाकले. तापमापकाची वायर निघून पडली होती, फरशी पुसताना कधीतरी निघाली असावी. मग चारचा आकडा आला कुठून? सर्व्हर उघडला आणि कानशिलं तापली. ती ओळ माझीच होती: तापमापक उत्तर देत नसेल, तर मागचाच आकडा दे. बुवांनी सांगितलं होतं, "स्क्रीनवर 'माहीत नाही' दिसता कामा नये, गिऱ्हाईक बिथरतं." आणि मी शहाणी, लिहून मोकळी झाले. शेवटचा खरा आकडा तीन दिवसांपूर्वीचा होता आणि यंत्र तोच आजचा म्हणून गोड आवाजात सांगत होतं.

सगळ्यांसमोर मी ते वाचून दाखवलं. मोठ्या डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी लसी बाजूला काढायला लावल्या, आयांना स्वतः जाऊन सांगितलं, परत आले आणि मावशींची माफी मागितली. बुवांना म्हणे तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला.

यंत्राला खुशाल विचारा, मीही विचारते. पण ते चमत्कार करत नाही. कुणीतरी दिलेला निरोप सांगतं. तो निरोप कुणी दिला, कधी दिला, एवढं विचारायला काय जातं? आणि जमलं तर उठून फ्रीजमध्ये हात घालून बघा.

ती ओळ मी त्याच दिवशी खोडली, वायर नीट जोडली, मग परीक्षा म्हणून मुद्दाम काढली आणि पुन्हा विचारलं.

"तापमापक उत्तर देत नाही. तापमान मला माहीत नाही."

वॉर्डबॉयचा चेहरा पडला. मावशींनी मात्र स्क्रीनवर हलकेच टपली मारली.

"आत्ता कुठे खरं बोललास, बाबा," त्या म्हणाल्या आणि किल्ली कमरेला खोचली.