दाब, सोड

मिस्त्रीने जन्मभर गाड्यांचे गिअरबॉक्स उतरवले आणि चढवले, पण वेळेवर चार गोड शब्द बोलणं त्याला कधी जमलं नाही. लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं. बायको तीन महिन्यांसाठी उद्या तिच्याकडे निघणार होती. मागच्या आठवड्यात जावयाने फोनवर सहज विचारलं, बाबा, तुमचं कसं होणार? तेव्हा हा मोठ्या ऐटीत म्हणाला, "माझं काही अडत नाही." बायको मागेच उभी होती. झालं, त्या घटकेपासून अबोला.

अबोला असा की ताट पुढे यायचं, चहा पुढे यायचा, शब्द तेवढा येत नव्हता. भाजीत मीठ कमी पडलं तर मिस्त्री भिंतीला सांगायचा, आणि मिठाची बरणी भिंतीकडून आल्यासारखी सरकत यायची.

तिला पोचवायला घरची जुनी गाडी धडधाकट हवी म्हणून त्याने क्लचप्लेट बदलली. माफी मागायची त्याची रीत ही अशी. त्यासाठी उतरवलेला गिअरबॉक्स काल परत चढवला आणि आज गाडी सुरू केली, तर खालून किरकिर.

असला आवाज शोधायला माणसं दोन लागतात. एकाने वर बसून क्लचचं पेडल दाबायचं-सोडायचं, दुसऱ्याने गाडीखाली पडून ऐकायचं. गॅरेज बंद, मदतीला कोणी नाही. मिस्त्रीने पेडलला काठी लावून पाहिली, ती निसटली. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन तो पातेल्यांना म्हणाला, कुणी पेडल दाबलं तर काम होईल.

"अडला हरी..." बायकोही पातेल्यांनाच म्हणाली, आणि म्हणीतलं पुढचं गाढव आपल्यावरच येतंय हे लक्षात येऊन गप्प बसली. पण हात पुसत निघाली.

गाडी लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर चढवलेली होती. मिस्त्री खाली सरकला. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याने गिअरबॉक्सला टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. वर बसून तिने इंजिन सुरू केलं. दाब म्हटल्यावर तिने दाबलं, आवाज बंद. सोड म्हटल्यावर सोडलं, पुन्हा किरकिर. मग त्याने पाय नुसता टेकवायला सांगितला. नुसत्या टेकलेल्या पायानेही आवाज गेला.

मिस्त्रीला तिथेच उमगलं. पेडल पार दाबल्यावरच आवाज गेला असता तर गिअरबॉक्सच्या आतलं काही बिघडलं म्हणता आलं असतं. नुसत्या टेकण्याने जातो, म्हणजे मोडलेलं काही नाही, काहीतरी सैल आहे. रिलीज बेअरिंगला जागेवर धरून ठेवणारी तारेची क्लिप बसवायचीच राहिली होती. नवशिक्यानेही करू नये अशी चूक. बसवताना आपलं डोकं कुठे होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता बाहेर येऊन सांगायचं, एवढंच उरलं होतं. पण बाहेर आलं की ती मुकाट आत जाणार, मग तशीच लेकीकडे जाणार, आणि तीन महिने फोनवरही मध्ये भिंतच.

"दाब," तो म्हणाला. तिने दाबलं. "सोड. हळू सोड. परत दाब." कितीतरी दिवसांत दोघांमध्ये झालेलं हे सगळ्यांत लांबलचक बोलणं होतं.

शेवटी तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"अहो, सापडलं ना मघाशीच?"

"हो," गाडीखालून तो म्हणाला. "क्लिप विसरलो. गिअरबॉक्स परत उतरवायला हवा. परवा निघता येईल."

"तुम्ही क्लिप विसरलात?"

"लक्ष नव्हतं."

"मग इतका वेळ दाब, सोड कशाला चाललंय?"

तिचं तोंड दिसत नव्हतं तेच बरं होतं. समोरासमोर त्याला हे सात जन्मांत जमलं नसतं.

"अडतं माझं," तो म्हणाला. "त्या दिवशी उगाच बोललो. तू नसलीस की सगळंच अडतं."

मग, इंजिन बंद असताना, त्याच्या डोक्यावरची क्लचची केबल ताणली गेली.

"दाबलंय," ती म्हणाली. "बोला अजून."