कठडा काढलेली परांची

मी एक जुनी परांची आहे. इमारतीच्या भिंतीला खेटून लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभा असतो आणि त्याच्या फळ्यांवर उभं राहून माणसं गिलावा करतात, ते तुम्ही पाहिलं असेल. पण मित्रांनो, मी आजवर एकाही इमारतीला लागले नाही. माझा जन्म शिकवण्यासाठी झाला. आणि मला राग आहे तो ते शिकवणंच बंद पाडल्याचा.

माझ्या नळ्या जालन्याच्या एका कारखान्यात तयार झाल्या. तिथून ट्रकने मी तेलगावजवळच्या एका प्रशिक्षण केंद्रात आले. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या तरुणांना बांधकामातली कामं हाताने करायला शिकवायची, म्हणून ते केंद्र निघालं होतं. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला लोखंडी पट्ट्यांची चौकट उभी करून तिच्यावर जिप्समचे बोर्ड स्क्रूने बसवायला शिकवत. विटा नाहीत, सिमेंट नाही, तरी सरळ भिंत उभी राहायची. संध्याकाळी सगळे मिळून ती सोडवत आणि सकाळी पुन्हा बांधत.

आमचे शिक्षक होते रामेश्वर मास्तर. वीस वर्षं त्यांनी उंच कामांवर परांच्या बांधल्या होत्या. पहिला आठवडा ते कुणाला माझ्यावर चढूच देत नसत.

"चढायची घाई कावून करता?" ते म्हणायचे. "आदी हिला वळखा. पायाखालची जमीन बघा, वळंबा धरून नळी सरळ हाय का बघा, नळ्या जोडणारा येक येक क्लॅम्प हातानं हलवून बघा. मग चढा."

एकदा त्यांनी माझा एक क्लॅम्प मुद्दाम सैल करून ठेवला आणि सगळ्यांना तो शोधायला सांगितलं. अकरा जण हात लावून पुढे गेले. बारावी होती संगीता. नऊ वर्षं ऊस तोडलेली, दोन लेकरांची आई. बाई परांचीवर चढणार म्हणून पोरं तिला हसायची. तिने माझी प्रत्येक नळी धरून हलवली आणि एका जागी थांबली.

"मास्तर, ह्यो डुगडुगतोय."

"घावला!" मास्तर ओरडले. "आज बाईनं अकरा जणांचा जीव वाचवला रे!"

त्यानंतर कुणी हसलं नाही. कोर्स संपल्यावर संगीता संभाजीनगरला एका दवाखान्याच्या बांधकामावर परांची बांधायला लागली. त्या वर्षी तिचं घर ऊसतोडीला गेलं नाही. तिचा फोन आला की मास्तर शेडभर सांगत फिरायचे आणि मला वाटायचं, आपलं लोखंड सार्थकी लागलं.

मग केंद्राचा कारभार अमरसिंहांच्या हाती आला. मोठी जमीन, मोठं घराणं, गावोगावी त्यांचे फलक. त्यांनी मास्तरांना घरी बसवलं. तीन महिन्यांचा कोर्स एका दुपारी उरकू लागला. एकजण डोक्यावर हेल्मेट घाली, कमरेला पट्टा बांधी, माझी नळी धरून उभा राही. फोटो निघे. तेच हेल्मेट पुढच्याच्या डोक्यावर जाई. मी उभी असूनही कुणी माझ्यावर एक पायरी चढत नसे! माझा कठडा तर अमरसिंहांच्या स्वागत कमानीसाठी नेला, तो परत आलाच नाही. काही क्लॅम्पही त्याच्याबरोबर गेले.

अशाच एका दुपारी संगीताच्या धाकट्या दिराचा, अभिमन्यूचा फोटो निघाला. 'कुशल परांची कारागीर' असा कागद त्याला मिळाला. तो कागद दाखवून बिचारा बीडला एका मंगल कार्यालयाच्या बांधकामावर गेला. फळीची दोन्ही टोकं बांधावी लागतात, एवढं साधं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी फळी उलटली. वीस फुटांवरून तो खाली आला आणि त्याचा खुबा मोडला.

पुढच्या प्रमाणपत्र वाटपाला जिल्ह्याहून एक अधिकारी बाई आल्या होत्या. हार झाले, भाषणं झाली. तेवढ्यात संगीता आत आली. मागून कुबड्या टेकत अभिमन्यू.

"दादा, ह्या पोरांनी कोर्स केलाय न्हवं?" तिने अमरसिंहांना विचारलं. "मग येकानं तरी ही परांची बांधून दाखवावी."

"कार्यक्रम चालू हाय, बाई. नंतर बोलू."

"माझा दीर पडला, दादा. आता अजून नंतर कवा?"

"त्याच्याकडं सर्टिफिकेट हाय. समदं शिकलो म्हून त्याची सही हाय. चूक त्याची."

"सही घेताना तुमचा माणूस म्हणालता, ही फोटूची सही हाय म्हून," अभिमन्यू म्हणाला.

ऐकलंत, मित्रांनो? न शिकवता जो कागद दिला, तोच त्याच्यावर उलटवला!

"मग तुमीच चढा," संगीता म्हणाली. "तुमच्याच केंद्राची हाय की."

सगळे बघत होते. अमरसिंहांनी हसत माझ्यावर पाय ठेवला. मी करकरले, हलले. मुद्दाम नव्हे, मला नीट उभीच कुणी केली नव्हती. त्यांनी पाय मागे घेतला, हसू कुठल्या कुठे गेलं.

तेव्हा पहिल्या रांगेतली आरोही नावाची मुलगी उठली. तिने फोटोसाठी घातलेलं हेल्मेट काढून जमिनीवर ठेवलं. "आमाला कागद नको. आदी शिकवा." तिच्यामागे एकेक करून सगळे उठले. ठेवलेल्या प्रमाणपत्रांना कुणी हात लावला नाही.

अधिकारी बाईंनी वाटप तिथेच थांबवलं. माझ्याजवळ येऊन त्यांनी स्वतः नळ्या हलवून पाहिल्या आणि सगळं लिहून घेतलं. महिन्याभराने मास्तर परतले. नवा कठडा आला. अमरसिंहांचे फलक मात्र अजून तसेच आहेत, आणि अभिमन्यूचा पाय पूर्वीसारखा झाला नाही. तो आता खुर्चीवर बसून नव्या मुलांना फळी बांधायला शिकवतो. दोरीची गाठ नीट बसेपर्यंत उठू देत नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची काळजी घ्या, असं आम्ही नेहमीच सांगतो. मी आज दुसरंच मागते. तुम्ही कधी काही शिकायला जाल आणि कुणी हाताला काम न लावता हातात नुसता कागद ठेवेल. त्या दिवशी भिऊ नका, लाजू नका. कागद परत करा आणि मोठ्याने म्हणा, "आधी शिकवा!"