विहीणबाईंची सर्व्हिस

बेकरीवाला दुकानात शिरला तेव्हा काकू दिवे मालवून एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होत्या. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जडशीळ चाचणीची चौकट, समोरच्या भिंतीवर उजळलेली अक्षरं, आणि काकू चौकटीत एकेक काच सरकवतायत. तेवढ्यात बेकरीवाल्यानं पडद्यातून मुंडकं आत घातलं.

"काकू, मग खेळाल ना आमच्याकडून?"

"हो, आता बरं दिसतंय?" काकू म्हणाल्या. गिऱ्हाइकाला.

बेकरीवाल्यानं त्यातला 'हो' तेवढा उचलला आणि तो खूश होऊन निघून गेला.

तो काय विचारून गेला ते काकूंना कळलं दुपारी, चावीवाला अभिनंदन करायला आला तेव्हा. बाजारगल्लीतले दुकानदार आणि पलीकडच्या शाळेतले शिक्षक यांचा दरवर्षी व्हॉलीबॉलचा सामना होतो. दुकानदारांचा सहावा गडी, म्हणजे चपलांच्या दुकानाचा मालक, वरचं खोकं काढताना शिडीवरून घसरला आणि त्याचा घोटा भोपळ्याएवढा झाला. बेकरीवाला संघाचा कप्तान. त्यानं सगळी गल्ली पालथी घातली. कुणाची कंबर धरलेली, कुणाला लग्नाला जायचंय, कुणी सरळच 'जमणार नाही' म्हणालेलं. उरल्या चष्म्याच्या दुकानातल्या काकू.

काकूंनी उभ्या जन्मात चेंडूला हात लावला नव्हता. त्या तडक बेकरीत गेल्या.

"हे बघ, मला काही येत नाही. माणूस कमी पडत असेल तर एका कोपऱ्यात उभी राहीन, बस्स."

"कोपऱ्यातच तर सर्व्हिस येते, काकू," बेकरीवाला पाव मोजता मोजता म्हणाला. "आपल्याकडे सर्व्हिस आली की सगळ्यांनी एकेक जागा सरकायचं. सरकत सरकत जो मागच्या उजव्या कोपऱ्यात येतो, त्यानं सर्व्हिस करायची. बाकी सगळं आम्ही सांभाळून घेऊ. चेंडू तुमच्याकडे आला तर तुम्ही नुसत्या बाजूला व्हा. पण सर्व्हिस ज्याची त्यालाच करावी लागते."

नकार द्यायचा तर आता तोंड कुठे होतं? पलीकडच्या न्हाव्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बातमी देऊन टाकली होती.

संध्याकाळी घरी त्यांनी ही रडकथा सांगितली तेव्हा सूनबाई टुणकन उठली. "मग माझ्या आईकडे जा ना! ती दगडालासुद्धा सर्व्हिस शिकवेल."

"दगड म्हणजे मी का गं?"

सूनबाईनं जीभ चावली. काकूंचा मुलगा घाईघाईनं पाणी प्यायला आत गेला.

सूनबाईच्या आई त्याच शाळेत खेळाच्या बाई होत्या. मुलांनी त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवलं होतं, पण शिट्टी ही केवळ हौस. आवाज मुळातच असा, की मैदानाच्या या टोकाला हाक मारली तर त्या टोकाची मुलं बुटांच्या नाड्या बांधायला लागत. सामन्यात त्या समोरच्या बाजूनं खेळणार होत्या, पण "शिकवायला काय जातंय, खेळ तर खेळच आहे," असा त्यांचा उलट निरोप आला.

अडचण वेगळीच होती. दोघींच्या मुलांचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षभरात या दोन विहिणी एकमेकींशी फक्त 'बसा ना', 'घ्या ना', 'कशाला त्रास घेतलात' एवढंच बोलल्या होत्या. शिट्टीबाईंना धाक असा, की आपला आवाज चढला तर लेकीला सासरी ऐकावं लागेल. काकूंना धाक असा, की आपण काही बावळट विचारलं तर सुनेच्या माहेरी हसं होईल.

पहिल्या दिवशी काकू बिस्किटांचा डबा घेऊन शाळेच्या मैदानावर गेल्या. शाळा सुटली होती. शिट्टीबाईंनी गळ्यातली शिट्टी काढून पर्समध्ये ठेवली, चेन लावली, आणि गोड आवाजात म्हणाल्या, "अंडरआर्मपासून सुरुवात करू या. म्हणजे तुम्हाला ठाऊक असेलच..."

"थोडंफार," काकू म्हणाल्या. ठाऊक काहीच नव्हतं.

शिट्टीबाईंनी करून दाखवलं. डावा पाय पुढे, गुडघे जरा वाकलेले. चेंडू डाव्या तळव्यावर, कमरेच्या खाली. उजवा हात मागे नेऊन झोपाळ्यासारखा पुढे आणायचा आणि तळव्याच्या टाचेनं, म्हणजे मनगटापाशी जो जाड भाग असतो त्यानं, चेंडूला खालून ठोसा द्यायचा. चेंडू आळसावल्यासारखा वर गेला आणि नेटपलीकडे बरोबर मधोमध उतरला.

काकूंनी केलं. चेंडू डोक्यावरून मागे गेला.

"छान!" शिट्टीबाई म्हणाल्या. "अगदी छान. आता फक्त पुढे गेला की झालं."

दुसरा चेंडू पुढे गेला, पण शिट्टीबाईंच्याच दिशेनं. त्यांनी तो पोटावर झेलला आणि हसल्या. "जोर आहे हो हातात!" तिसरा काकूंच्या स्वतःच्या पायावर. "वा. पायसुद्धा अगदी योग्य जागी होता."

असे तीन-चार दिवस गेले. रोज सगळं छान होतं आणि एकही चेंडू नेट ओलांडत नव्हता. दुकानात मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या नवऱ्यानं यंत्र थांबवून विचारलं, "काय, कसं चाललंय?"

"छान चाललंय," काकू म्हणाल्या. "तीच तर पंचाईत आहे."

काकूंना हा प्रकार ओळखीचा होता. अशी भिडस्त गिऱ्हाइकं त्यांनी खूप पाहिली होती, जी 'दिसतंय, दिसतंय, सगळं स्पष्ट दिसतंय' म्हणत चुकीच्या नंबरचा चष्मा घालून खुशाल घरी जातात आणि जिन्यावरून पडतात. म्हणून त्या संध्याकाळी त्यांनी धीर करून म्हटलं, "विहीणबाई, माझ्या चुका सांगा ना."

"छे हो, चुका कसल्या! चेंडू तेवढा वर उडवू नका, की झालं. नुसता सोडायचा."

काकूंनी मान डोलावली आणि चेंडू हातभर वर उडवला. हात खालून रिकामाच गेला. "नुसता सोडायचा हं," शिट्टीबाई म्हणाल्या. काकूंनी पुन्हा उडवला. "सोडायचा... उडवायचा नाही..." पुन्हा उडवला. शिट्टीबाईंच्या गालाची एक शीर थडथडू लागली. काकूंनी खूप मनापासून, डोळे बारीक करून, चेंडू आणखीनच वर उडवला.

"अगं ए बये! उडवू नको म्हणते ना! चेंडू आहे का कबुतर? सोड नुसता! सोड आणि हाण!"

शाळेच्या व्हरांड्यात झाडू मारणारा शिपाई जागच्या जागी ताठ उभा राहिला. फाटकाबाहेरून जाणारा सायकलवाला कुठल्यातरी जुन्या सवयीनं खाली उतरला.

आणि काकूंनी चेंडू सोडला आणि हाणला. तो नेटला निसटता स्पर्श करून पलीकडे पडला.

शिट्टीबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. चेहरा पांढरा पडला होता. "माफ करा हो विहीणबाई. अहो, माझ्या जिभेला हाडच नाही. मुलांशी बोलून बोलून... माझ्या लेकीला यातलं काही..."

काकूंचे कान तापले होते. त्यांच्यावर असं कुणी ओरडल्याला किती वर्षं झाली असतील! दुकानात सगळे 'काकू, काकू' करत. नवरा तर काचांशिवाय कुणाशी बोलतच नसे. राग यायला हवा होता. पण त्या पलीकडे पडलेल्या चेंडूकडे बघत होत्या.

"पुन्हा ओरडा," त्या म्हणाल्या.

"अं?"

"ओरडा म्हणते ना!"

"अहो, असं कसं ओरडू... ठरवून..."

"ठरवून नाही जमत? थांबा." काकूंनी दुसरा चेंडू उचलला आणि मुद्दाम आकाशात फेकला.

"अगं गाढवे!" शिट्टीबाई कडाडल्या, आणि मग त्यांनाच हसू फुटलं. काकूही हसायला लागल्या. दोघी मैदानावर बसून पोट धरून हसल्या. हसणं ओसरल्यावर शिट्टीबाईंनी पर्सची चेन उघडली आणि शिट्टी पुन्हा गळ्यात घातली. मैदानाच्या पांढऱ्या रेघेच्या आत 'अगं' आणि बाहेर 'अहो', असं दोघींनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

मग खरं शिकणं सुरू झालं. अंडरआर्म बसल्यावर साइडआर्मची पाळी आली. नेटकडे खांदा करून आडवं उभं राहायचं आणि हात बाजूनं फिरवून आणायचा. काकूंचा चेंडू दोनदा शाळेच्या घंटेवर आदळला. "शाळा सुटली गं केव्हाची," शिट्टीबाई म्हणाल्या. मग डोक्यावरची सर्व्हिस. तिच्यात पुन्हा दोन जाती. एकीत मनगट वरून दुमडून चेंडूला फिरकी द्यायची, म्हणजे तो पलीकडे जाऊन झपकन खाली बसतो. दुसरीचं नाव फ्लोटर. तिच्यात मनगट काठीसारखं ताठ ठेवायचं, चेंडूच्या बरोबर मध्यावर थाप मारायची आणि हात तिथेच थांबवायचा. फिरकी अजिबात नाही. असा चेंडू हवेत डुलत जातो. कुठे पडेल ते त्याचं त्यालाच माहीत नसतं.

काकूंना फिरकी काही केल्या जमेना. फ्लोटर मात्र पाचात एखादा जायचा, आणि गेला की दोघी बघत राहायच्या.

"पण सामन्यात तू अंडरआर्मच कर," शिट्टीबाईंनी बजावलं. "शहाणपणा करायचा नाही."

एके दिवशी मुलगा आणि सूनबाई ऑफिसातून परस्पर दोघींना न्यायला आली. फाटकापाशीच त्यांना ऐकू आलं:

"तुझ्या कोपराला गंज चढलाय का? सरळ कर तो!"

"मग नीट दाखव की एकदा! नुसती मेली शिट्टी फुंकतेय!"

सूनबाई मटकन फाटकाला टेकली. "संपलं सगळं. तरी मी म्हणत होते..."

"तूच म्हणालीस की, दगडालासुद्धा शिकवेल," मुलगा म्हणाला आणि मध्ये पडायला धावला. "आई! आई, शांत हो!"

"काय आहे रे?" दोघीही एकदम वळून ओरडल्या. सासूलाही तो आईच म्हणत असे. "दिसत नाही, सर्व्हिस चाललीये?"

तो मुकाट्यानं परत फिरला.

सामना रविवारी होता. शाळेच्या बाजूला मुलांची ही गर्दी. बाजाराच्या बाजूला अर्धी गल्ली दुकानांना कुलूप लावून आलेली. बेकरीवाल्यानं काकूंना समोरची जागा दिली आणि पुन्हा सांगितलं, "चेंडू आला तर बाजूला व्हा." काकू इतक्या इमानदारीनं बाजूला होत होत्या, की एकदा अंगावर आलेला सोपा चेंडूही त्यांनी वाट करून दिल्यासारखा जाऊ दिला.

सरकत सरकत त्या कोपऱ्यात आल्या. चेंडू हातात आला आणि मैदान एकदम लांबलचक झालं. नेटपलीकडे शिट्टीबाई गुडघे वाकवून तयार. ओळखीचं हसूसुद्धा नाही. काकूंनी अंडरआर्म केली. चेंडू सुरेख गेला, पण पंचांनी हात वर केला. काकूंचा पाय रेघेवर होता. बाजारातून एक मोठा उसासा निघाला. न्हावी म्हणाला, "चालतं चालतं," पण त्याच्या तोंडावरून काही चालत नव्हतं.

पुढच्या वेळी पाय लांब ठेवून काकूंनी पुन्हा अंडरआर्म केली. शिट्टीबाईंना ती कुठे उतरणार ते पाठ होतं. त्या दोन पावलं आधीच तिथे जाऊन उभ्या होत्या. चेंडू अलगद उचलला गेला, विज्ञानाच्या सरांनी उडी मारून तो बाजाराच्या डोक्यात घातला, आणि गुण शाळेला.

काकूंना राग आला तो आता. इतकं शिकवायचं आणि मग घरच्यासारखं येऊन झेलायचं!

तिसऱ्यांदा चेंडू हातात आला तेव्हा त्यांनी तो खाली धरलाच नाही. शिट्टीबाईंचे डोळे मोठे झाले. काकूंनी चेंडू डोक्यावर हलकासा उचलला, मनगट ताठ केलं, मध्यावर थाप मारली आणि हात तिथेच रोखला.

चेंडू डुलत निघाला. डावीकडे जातोय म्हणून शिट्टीबाई डावीकडे झाल्या, तो उजवीकडे कलला. त्या परत वळल्या, तर तो मध्येच दमल्यासारखा खाली आला, त्यांच्या मनगटावर आपटला आणि उडून थेट मुलांच्या गर्दीत गेला.

क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मग पहिला आवाज आला तो समोरूनच.

"शाब्बास गं माझी बाई! मनगट बघा, मनगट! बघितलंत का?" शिट्टीबाई दोन्ही हात वर करून नाचत होत्या.

शाळेचे मुख्याध्यापक त्यांच्या शेजारीच खेळत होते. त्यांनी कमरेवर हात ठेवले. "बाई, आपण नक्की कोणाकडून खेळताय?"

बाजारगल्लीनं मैदान डोक्यावर घेतलं. त्या भरात काकूंनी पुढचा चेंडू फिरकी देऊन मारला. तो कुंपणाच्या भिंतीपलीकडे गेला आणि कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरींत गुरफटला. सामना शाळेनंच जिंकला, आणि बऱ्यापैकी फरकानं. पण बेकरीवाला घरी जाताना हरल्याचं सांगतच नव्हता. भेटेल त्याला तो फक्त तो डुलणारा चेंडू हातानं हवेत काढून दाखवत होता.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी काकू दुकान नवऱ्यावर सोपवून पुन्हा मैदानावर हजर झाल्या. खांदा अजून दुखत होता. शिट्टीबाई चेंडूत हवा भरत होत्या.

"आता काय राहिलंय शिकायचं?" त्यांनी विचारलं.

"ती उडी मारून करतात ती."

"जंप सर्व्हिस? या वयात? अगं, मीसुद्धा शेवटची कधी केली ते आठवत नाही."

"म्हणजे येत होती ना?"

शिट्टीबाईंनी व्हरांड्याकडे पाहिलं. शिपाई निघून गेला होता. फाटक बंद होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"चार पावलं मागे ये," त्या हळूच म्हणाल्या. "चेंडू पुढे आणि उंच फेकायचा, धावायचं, आणि रेघेच्या आधी उडायचं. मी तीन म्हटलं की."

दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, पदर खोचले, आणि धावत सुटल्या. किती उंच उडाल्या ते विचारू नये. पण उडाल्या.