फणसाच्या खांबाची मागची बाजू

मित्रांनो, बिरवाडीच्या एका भाड्याच्या खोलीत, माळ्यावर गोणपाटाखाली पिवळट पडलेला एक डबा आहे, तो मी. मी एक जुना संगणक. माझी धूळ पुसा असं सांगायला मी बोलत नाही. माझ्यावर भरवसा ठेवलेल्या एका बाईला दगा झाला, आणि तो माझ्याच पोटात झाला, म्हणून बोलतो.

दोन हजार तीन साली सुधीरने माझे सुटे भाग मुंबईहून एस.टी.ने आणले आणि याच खोलीत मला जोडलं. जवळच्या कापडे गावचा हा मुलगा इथे कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांना संगणक शिकवायचा. माझं बटण दाबताना त्याचा चेहरा उजळायचा. मला वाटायचं, आपल्याला चांगला मालक मिळाला.

त्याच वर्षी कापड्याचं लाकडी देऊळ पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं. सुधीरची आत्या राहीबाई देवळातल्या फणसाच्या खांबाला पाठ लावून बसली. तो खांब तिच्या बापाने, हैबतीने, शेती सांभाळून कोरला होता. पुढे वेली आणि मोर. मागे, भिंतीकडच्या अंधारात, एक लंगडं वासरू. लहानपणी राहीने ते चमच्याने दूध पाजून जगवलं होतं, म्हणून बापाने तिच्यासाठी कोरलेलं.

गावच्या मुंबईकरांच्या मंडळाचे महिपत म्हणाले, "राहीबाय, वाळवी लागलीय त्याला. किती दिवस टिकणार?"

"टिकंल तवर टिकंल. मी उठणार नाय."

तेव्हा सुधीर तिच्याजवळ बसला. "आत्ये, मी सगळ्या बाजूंनी फोटो काढतो. खांब गेला तरी माझ्या संगणकात राहील. कधी पण ये, फिरवून बघ."

"मागचं वासरू पन?"

"वासरू पण. शब्द देतो."

ती उठली.

सुधीरने फळीवर कॅमेरा बोटभर बोटभर सरकवत शेकडो फोटो घेतले. ते सारे माझ्यात असे एकत्र ठेवले, की माऊस हलेल तसा खांब फिरायचा, जणू आपणच त्याच्याभोवती चालतोय. पण इतक्या फोटोंनी मला धाप लागायची. खांब अडखळत फिरायचा. मग सुधीरने युक्ती केली. शेजारशेजारचे फोटो जवळजवळ सारखेच असतात, म्हणून एक पूर्ण ठेवायचा आणि पुढच्याचा फक्त फरक. बघणारा जिकडे वळेल तेवढाच तुकडा उघडायचा. खांब लोण्यासारखा फिरू लागला. मागचं वासरूही लख्ख दिसलं. "जमलं रे!" म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. तेवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

पुढे पुण्याच्या एका कंपनीने त्याला हे काम दाखवायला बोलावलं. सगळं एका सीडीत मावायला हवं होतं. सुधीरने मागची बाजू उघडली. तिथली लाकडाची बारीक रेष न् रेष जागा खात होती. "इकडे कोण बघतंय," तो पुटपुटला आणि तेवढी बाजू अगदी दडपून लहान केली. नंतर माझ्यात जागा व्हावी म्हणून त्याने मूळ फोटोही पुसले. मला थांबवता आलं नाही. मला सांगितलेलं ऐकावंच लागतं.

त्याला नोकरी लागली. तो सामान बांधत होता, त्या दिवशी राहीबाई आली. देऊळ पुरं झालं होतं, आणि खांबाच्या ढलप्या करून त्यांवर भंडाऱ्याचा भात शिजवला होता.

पडद्यावर मोर दिसले तसे तिने हात जोडले. "आता मागं फिरव."

सुधीरने हळूहळू फिरवलं. मागे नुसता तपकिरी डाग होता. तिने पदराने माझा पडदा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"वासरू कुठं हाय रे?"

"आत्ये, फाईल मोठी होत होती. जागा कमी पडली."

"एवढंसं तर व्हतं रे ते. त्याला किती जागा लागली असती?"

सुधीर दोरीची गाठ मारत राहिला.

"तू शब्द दिलास म्हनून मी उठली," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. पायरीवर काढलेल्या चपला तिने हातातच घेतल्या आणि अनवाणी स्टँडकडे गेली.

सुधीर पुण्याला गेला, मला घरमालकाकडे टाकून. राहीबाई त्याच्या लग्नालाही गेली नाही, असं मी खालच्या बोलण्यातून ऐकलं.

मित्रांनो, मोठ्या गोष्टी लहान करून ठेवाव्या लागतात, त्यात वाईट काही नाही. पण दडपून टाकलेलं पुन्हा उलगडत नाही. मी कितीदा प्रयत्न केला, माझ्या आत तो डागच सापडतो. म्हणून काही टाकून देण्याआधी, ते ज्याचं आहे त्या माणसाला आधी हाक मारा. तो येईपर्यंत थांबा.