बाईंच्या खोलीतली एकुलती एक खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. माझा एक पाय किंचित आखूड आहे आणि जीभ जरा लांब. तेवढं सांभाळून घ्या.

सुताराने मला मुख्याध्यापकांसाठी घडवलं होतं. पण पहिल्याच दिवशी मी डुगडुगले आणि सरांच्या हातातला चहा सांडला. झालं! माझी रवानगी जिन्याखालच्या खोलीत झाली. तिथे सल्लागार बाई बसत. शाळा संपल्यावर पुढे काय करायचं, हे शेवटच्या वर्गातल्या मुलांशी बोलून ठरवायचं आणि तसा फॉर्म भरून घ्यायचा, हे त्यांचं काम. खोली एवढीशी, त्यामुळे येणाऱ्यांसाठी मी एकटीच. काय दिवस होते ते! कुणाला विमान उडवायचं असे, कुणाला बेकरी काढायची असे, तर कुणाला नुसतं घरी जायचं असे.

पालक सोबत आले तर बसायचं कुणी? बाईंचा नियम कडक होता. ज्याचा फॉर्म, त्याची खुर्ची.

एकदा एक बसचालक गणवेशातच लेकीला घेऊन आले आणि आल्याआल्या माझ्यावर बसले. फॉर्म द्यायचा तो शेवटचा दिवस होता. मुलगी दाराशी उभी.

"इंजिनिअरिंग लिहा, बाई. पूल बांधायचेत. ठरलंय आमचं."

"काका, प्रवेश तुम्ही घेताय का?"

काका ओशाळून उठले. मुलगी बसली.

"मला नर्स व्हायचंय," ती कशीबशी म्हणाली. "बाबांना सांगायचा धीरच होत नव्हता."

बाईंनी तसं लिहिलं आणि पेन काकांपुढे धरलं. पालकांची सही नसेल तर सगळं मुसळ केरात! काकांनी हात पुढे केला नाही.

"काका, खरं सांगा. पूल कुणाला बांधायचे होते?"

"मला," ते हळूच म्हणाले. "वडील गेले आणि शाळा सुटली. मग हे स्टिअरिंग हातात आलं. कुणी कधी विचारलंच नाही."

मुलगी उठली. "बाबा, तुम्ही बसा ना."

काका बसले आणि बोलत राहिले. वहीच्या मागच्या पानांवर काढलेले पूल, नदीचं माप घेताना चिखलात रुतलेली चप्पल, सगळं सांगितलं. सतरा वर्षांत लेकीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती उभ्याने ऐकत होती आणि डोळे पुसत होती. घंटा झाली, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर कागद टेकवून सही केली.

बाई निवृत्त झाल्या. त्या खोलीत आता तीन गुबगुबीत खुर्च्या आहेत आणि मी अडगळीत धूळ खात पडले आहे. बाईंची फार आठवण येते.

मित्रांनो, माझी धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या फॉर्मवर सही मागायच्या आधी आईबाबांना एकदा विचारा, त्यांना काय व्हायचं होतं. उत्तर यायला वेळ लागेल. घाई करू नका.