आईच्या उरलेल्या गोळ्या

बाबांचा डावा गाल पुन्हा सुजला होता आणि बाबा पुन्हा आईच्या औषधांच्या डब्यात हात घालून बसले होते.

"बाबा, ठेवा ती गोळी खाली."

"अगं, मागच्या वेळी हिनंच सूज उतरली की."

"उतरली आणि परत आली! त्याच्या आधीही आलीच होती."

आई गेल्यापासून घरातली काडी हलवायची सोय नव्हती. तिच्या चपला दाराशी, तिचा चष्मा खिडकीत. तेवढं लेकीला समजत होतं. पण आईला छातीतल्या कफासाठी दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या हा माणूस स्वतःच्या दाढेसाठी खात होता, आणि तेही ठणका लागेल तेव्हा, खडीसाखरेसारख्या. बोलून बोलून तिच्या तोंडाला फेस आला. शेवटी तिने त्यांना जवळजवळ ओढतच दातांच्या डॉक्टरणीकडे नेलं.

एक्सरेत दाढेच्या मुळाशी काळा गोल दिसत होता.

"काका, ही गाठ आहे. आत पू साचलाय."

बाबांचा जन्म नळजोडणीत गेलेला. "डॉक्टर, टाकीत औषध टाकलं की सगळ्या नळांना जातं. गोळीचंही तसंच ना?"

"रक्त जातं तिथवर जातं. ही बंद पिशवी आहे, आत रक्तवाहिनी नाही. गोळी बाहेरची सूज उतरवते, आतला पू जागच्या जागी."

"म्हणजे जोडणीच नाही?"

"नाही."

"मग प्रेशर वाढवा! डबल डोस द्या."

"बाबा!" लेकीने कपाळावर हात मारला.

"डोस वाढवून भागायचं नाही," डॉक्टरीण म्हणाली. "आज उघडून पू काढते. नंतर पिशवी आणि दाढ, दोन्ही काढायची. हाड टरफलाएवढं पातळ उरलंय. असंच ठेवलंत तर एखादा घास चावताना जबडा मोडेल."

बाबा खुर्चीतून उतरायला लागले. "बघू नंतर. घरी गोळ्या आहेत अजून."

"काय आहे त्या गोळ्यांत?" लेक ओरडलीच. "का सोडत नाही तुम्ही त्यांना?"

बाबा पायाने चपला शोधत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "तुझ्या आईला बजावलं होतं मी, कोर्स अर्धवट सोडायचा नाही. तिचा अर्धाच राहिला ना."

डॉक्टरीण हातमोजे नीट करत बसली. लेकीला हसावं की त्यांना गदागदा हलवावं, कळेना. तिने वाकून त्यांच्या पायापुढची चप्पल बाजूला सरकवली.

"कोर्स तिचा होता, बाबा. जबडा तुमचा आहे. बसा."

बाबा बसले. तोंड उघडलं. सुई दिसताच पुन्हा मिटलं.

"डबा टाकायचा नाही."

"नाही टाकत. आ करा."

"गोळ्यासुद्धा."

"तुम्ही खाणार नसाल तर राहू देत. आता आ करा, बाबा!"

बाबांनी लेकीचा हात धरला आणि आ केला.