दोन कप्प्यांची बॅग

मी एक बॅग. मला चाकं नाहीत, कडक पाठ नाही, आत पुठ्ठा नाही. जाड कापड, दोन बंद आणि एक लांब चेन, एवढाच माझा पसारा. रिकामी असले की घडी घालून उशीखालीसुद्धा मावते. अशी लेचीपेची मी मुद्दाम झाले, आणि त्याला कारण माझ्या मालकांची सहल.

माझे मालक बस डेपोत वेळापत्रकं आखायचे. कुठली गाडी कधी सुटणार, कुठल्या ड्रायव्हरनं कुठे जेवायचं, कुणी कुणाच्या जागी जायचं, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या घाईची सोय लावता लावता त्यांना स्वतःला खुर्चीच्या टोकावर बसायची सवय लागली होती. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. मालकीणबाई म्हणायच्या, "ह्यांच्या पायाला भिंगरी आहे आणि पोटात घड्याळ."

निवृत्ती जवळ आली तेव्हा दोघं सहल आखून देणाऱ्या एका बाईंकडे गेले. माझा जन्म तेव्हा व्हायचा होता, पण ही हकिगत मी मालकीणबाईंच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मीच तिथे खुर्चीवर बसले होते असं वाटतं. मालकांनी जाताना सगळा बेत पक्का करून नेला होता. पाच जंगलं, प्रत्येक ठिकाणी एक रात्र, पहाटे जीप, संध्याकाळी जीप, मधल्या वेळेत पुढचा रस्ता.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मालकीणबाईंकडे वळल्या. "आणि तुम्हाला काय बघायचंय?"

"मला?" मालकीणबाई गोंधळल्या. असं त्यांना कुणी विचारत नसे. मग म्हणाल्या, "मला ह्यांना निवांत बसलेलं बघायचंय. समोर हत्ती असो नाहीतर म्हैस."

बाई हसल्या नाहीत. "मग दोनच मुक्काम करू," त्या म्हणाल्या. "रस्त्यानं गेलात तर अख्खा दिवस धक्के खाल आणि पोचल्यावर पाठ धरून बसाल. छोट्या विमानानं जा, थेट जंगलाच्या कडेला उतरा. दुपारी कुठेही जायचं नाही. एखादी सकाळ नुसती ओसरीवर काढायची. जनावरांना वाटलं तर ती येतील."

"आणि नाही आली तर?" मालकांनी विचारलं.

"तर नाही आली."

वेळापत्रकवाल्या माणसाला असं उत्तर आयुष्यात मिळालं नव्हतं. घरी येताना जिन्यात ते एकदम हसले आणि म्हणाले, "नाही आली तर नाही आली! काय बाई आहे!"

त्या बाईंनी एक अट घातली होती. छोट्या विमानाचं पोट छोटं. त्यात कडक सूटकेस बसत नाही, आणि वजनही बेतानंच न्यायचं. म्हणून मालक बॅगवाल्याकडे आले आणि मी जन्माला आले.

"मधे एक पडदा शिवा," मालक म्हणाले. "हिच्या पावडरीचा वास माझ्या शर्टांना नको."

"आणि ह्यांच्या मोज्यांचा माझ्या कपड्यांना नको," मालकीणबाई म्हणाल्या.

बॅगवाल्यानं चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "म्हणजे पडदा जाडच घालायला हवा."

अशी मी दोन कप्प्यांची झाले. एक त्यांचा, एक त्यांच्या बायकोचा.

घरी आल्यावर मला कळलं की तिथे तिसरं माणूसही आहे. मालकांची थोरली बहीण, ताई. आई लवकर गेल्यावर ताईंनीच त्यांना वाढवलं, आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. साठीला आलेल्या भावाला त्या अजून "छोट्या" म्हणायच्या. पण भावजयीला त्या कशानंच हाक मारत नसत. स्वयंपाकघरात दोघी शेजारी उभ्या असल्या तरी ताई बाहेर ओरडायच्या, "छोट्या, तुझ्या बायकोला सांग, दूध उतू चाललंय." मग मालकीणबाई म्हणायच्या, "अहो, तुमच्या ताईंना सांगा, मला दिसतंय." मालक दोन्ही निरोप पोचवायचे. भांडण असं कधी झालं नाही. दोघींमध्ये फक्त एक माणूस होता, आणि दोघींनाही तो पुरत नव्हता.

मालकांनी आपला कप्पा निघायच्या कितीतरी आधी भरून टाकला. मातकट रंगाचे शर्ट, एक जाड स्वेटर, टोपी. ताई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"जंगलात काय ठेवलंय रे?"

"काहीच नाही, ताई. म्हणून तर चाललोय."

"जा बाबा, जा दोघं. मी आहेच दाराला कुलपासारखी."

मालकांचे हात माझ्या चेनवर थांबले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. पण डेपोतून फोन आला आणि ते उठून तिकडे गेले.

ते घरी परत आलेच नाहीत. डेपोतल्या शिपायानं काचेतून पाहिलं तर साहेब खुर्चीत पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून बसले होते. साहेब इतके निवांत बसलेत हे बघूनच तो आत धावला, पण उपयोग नव्हता.

घरी येऊन त्यानं हे जसंच्या तसं सांगितलं. मालकीणबाईंनी विचारलं, "पाठ टेकून बसले होते?" तो हो म्हणाला.

मला कपाटावर टाकण्यात आलं, भरल्या पोटीच. खाली घर चाललं होतं, पण आवाज गेला होता. निरोप न्यायला माणूस उरला नव्हता. ताई पातेलं आपटायच्या म्हणजे जेवण तयार आहे. मालकीणबाई नळ जोरात सोडायच्या म्हणजे कळलं. "तुझ्या बायकोला सांग" हे वाक्य ताईंच्या ओठांवर येऊन अडकताना मी वरून पाहिलं आहे. सांगणार कुणाला?

मग एके दिवशी सहलवाल्या बाई भेटायला आल्या. हळूच म्हणाल्या, "सगळं रद्द करून टाकते. तुम्ही कशाची काळजी करू नका."

मालकीणबाईंनी बरं म्हणून मान हलवली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून ताई बोलल्या. "रद्द कशाला? छोट्यानं एक फेरी कधी रद्द केली नाही. ड्रायव्हर आजारी पडला तर दुसरा पाठवायचा, पण गाडी सोडायचा."

"मग दोघी जा ना," सहलवाल्या बाई म्हणाल्या. दोघींनी एकमेकींकडे न बघता एकदमच भिंतीकडे पाहिलं. पण नाही कुणीच म्हणालं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मालकीणबाईंनी आपला कप्पा भरला आणि दुसऱ्याला हात न लावता त्या बाहेर गेल्या. त्यांच्याच्यानं ती चेन उघडवेना. मग ताई आल्या. चेन उघडली, वरच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि पुन्हा बंद केली. पुन्हा उघडली. शेवटी त्यांनी मालकांचं काहीही बाहेर काढलं नाही. वरूनच आपले कपडे दाबून दाबून भरले आणि गुडघा टेकवून मला बंद केलं. माझी शिवण कुरकुरली, पण मी धीर धरला.

विमानतळ म्हणजे एक पत्र्याची शेड होती. विमान पाहून ताई म्हणाल्या, "एवढंसं?" ते कुणाला उद्देशून म्हटलं हे त्यांनाच ठाऊक. वैमानिक म्हणजे केस घट्ट बांधलेली एक हसरी मुलगी. तिनं स्वतः मला काट्यावर ठेवलं आणि मान हलवली.

"आजी, वजन जास्त होतंय. काहीतरी काढावं लागेल."

मालकीणबाईंनी ताईंचा कप्पा उघडला, दोन कपडे बाजूला केले, आणि त्यांचा हात थबकला. खाली मातकट शर्ट होते, घडी न मोडलेले. त्यांना वाटलं होतं की ते केव्हाच कपाटात गेले असतील. ताई दुसरीकडे बघत होत्या.

"काय काढू?" वैमानिक मुलीनं विचारलं.

मालकीणबाईंनी आपला कप्पा उघडला. शाल काढली, जाड चादर काढली, चपलांचा जास्तीचा जोड काढला. मग ताई पुढे झाल्या आणि आपल्या कप्प्यातला कोट काढून त्यावर टाकला. त्या मुलीनं ते सगळं शेडमध्ये नीट ठेवून घेतलं. मी पुन्हा काट्यावर चढले, आणि या वेळी वजनात बसले.

विमानात मला मागच्या जाळीत बांधलं होतं. वाट सरळ होती. उतरायच्या वेळी मात्र विमान खाली जाता जाता पुन्हा वर उचललं गेलं. ताईंनी डोळे गच्च मिटले. "आता काय झालं?"

"हरणं बसलीत धावपट्टीवर. उठेपर्यंत घिरट्या घालू."

"अगं, मग हाकल की त्यांना!"

"जागा त्यांची आहे, आजी."

विमान एका अंगावर कललं. ताईंनी शेजारचं मनगट पकडलं. "धर गं मला. पोरी, धर."

लग्न होऊन या घरात आल्यापासून ताईंनी भावजयीला थेट मारलेली ती पहिली हाक. मालकीणबाईंनी दुसरा हातही त्यांच्या हातावर ठेवला आणि विमान थांबेपर्यंत काढला नाही.

आमची लाकडी दाराची राहुटी नदीकाठी होती. पुढे ओसरी, ओसरीवर दोन आरामखुर्च्या. वैमानिक मुलीनं उतरवताना सांगितलं होतं की पहाटे दारावर टकटक होईल, मग जीपनं निघायचं. दोघी आपणहून त्याआधीच उठल्या, तोंड धुऊन तयार झाल्या आणि वाट बघत बसल्या. थंडी अशी की दात वाजायला लागले, आणि गरम कपडे तर शेडमध्ये राहिलेले. मालकीणबाई काही वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चेन उघडली. स्वेटर ताईंच्या अंगावर घातला, शर्टांवर शर्ट स्वतः चढवले. मग दोघी ओसरीवर जाऊन बसल्या.

टकटक झालीच नाही. शेजारच्या राहुट्यांतली माणसं जीपमधून गेली. उजाडलं. नदीवरचं धुकं विरायला लागलं.

"आपल्याला विसरले," ताई फणकारल्या. "म्हाताऱ्या बायका बघितल्या आणि विसरले."

ऊन चांगलं वर आल्यावर राहुट्यांवरचा वाटाड्या चहा घेऊन आला. ताई तयारच होत्या. "का हो, आम्हाला उठवलं का नाही?"

तो ओशाळला. "साहेबांचा निरोप होता. मागे फोन केला होता त्यांनी. म्हणाले, पहिल्या सकाळी आम्हाला उठवू नका. माझी बायको जन्मभर माझ्या ड्यूटीसाठी पहाटे उठली आहे, तिला एकदा ऊन वर येईपर्यंत झोपू द्या. तो निरोप तसाच राहिला, बाई. बदलायला हवा होता. माफ करा."

मालकीणबाईंनी कप खाली ठेवला. त्या मालकांना बसलेलं बघायला निघणार होत्या, आणि मालकांना त्यांना झोपलेलं बघायचं होतं. दोघांनीही ते परक्याला सांगितलं, घरात एका छपराखाली एकमेकांना नाही.

ताई हसायला लागल्या. "बघितलंस? गेला तरी बसवून ठेवलंनच कार्ट्यानं आपल्याला!" हसता हसता त्यांचा आवाज फुटला आणि स्वेटरच्या बाहीत तोंड घालून त्या रडायला लागल्या. डेपोतून निरोप आला त्या दिवशीही त्या रडल्या नव्हत्या. मालकीणबाईंनी खुर्ची ओढली, त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, आणि मग त्यांचाही बांध फुटला.

त्याच वेळी पलीकडच्या काठावर हत्ती उतरले. दोन मोठ्या हत्तिणी, त्यांच्या पायांत घुटमळणारं एक पिल्लू. वाटाड्या पुटपुटला, "बघा, बघा." पण बघणार कोण? त्यानंही मग पुन्हा सांगितलं नाही. हत्ती पाणी प्यायले, पिल्लू चिखलात लोळलं, आणि सगळे आले तसे गेले. दाराशी उघडी पडलेली मी आणि तो, आम्हीच काय ते पाहिले.

घरी परतल्यावर घराला पुन्हा आवाज आला. दोघी भांडायच्या, पण आता समोरासमोर. हत्ती दिसले की नाही यावरही. काही वर्षं अशी छान गेली. मग ताईंचं जेवण कमी झालं. मग चालणं.

सध्या मी दवाखान्यात असते, ताईंच्या खाटेखाली. एका कप्प्यात ताईंचे कपडे, दुसऱ्यात त्यांच्या उशाशी बसून राहणाऱ्या मालकीणबाईंचे. फरशी गार आहे आणि औषधांचा वास माझ्या कापडात भिनलाय. मधला पडदा एका बाजूनं उसवलाय, त्यामुळे कुणाचं काय कुठल्या कप्प्यात आहे ते आता कळत नाही. तो पुन्हा शिवायचं कुणाच्या मनात नाही, आणि माझीही तक्रार नाही.

आज डॉक्टर म्हणाले, "आता त्यांना घरी न्या." असं कधी म्हणतात ते आम्हा तिघींनाही कळतं.

तुमच्यापाशी माझं एकच मागणं आहे. कपाटावर माझ्यासारखी कुणी पडून असेल तर तिला खाली काढा. निवृत्तीची, बऱ्या दिवसांची वाट बघू नका. आणि ज्याला निवांत बसलेलं बघायचं आहे, त्याला ते तोंडानं सांगा.

मालकीणबाईंनी मला खाटेवर घेतलं. टॉवेल भरला, कंगवा भरला, चेन ओढली. खाली गाडी येऊन उभी होती. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला.

"निघू या का, ताई?"

ताईंनी डोळे उघडले. खिडकीतून ऊन त्यांच्या पांघरुणावर पडलं होतं.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "इथे बस माझ्यापाशी."

मालकीणबाईंनी मला खाली फरशीवर ठेवलं आणि त्या खाटेवर टेकल्या. खालून पुन्हा हॉर्न वाजला. कुणी उठलं नाही.